केरळ ब्लास्टर्स या भारतीय फुटबॉल क्लबकडून खेळलेला झिम्बाब्वेचा बचावपटू कोस्टा न्हामोइनेसू त्याआधी कुठे खेळत होता?

हरारे येथे 1986 मध्ये जन्मलेल्या न्हामोइनेसूची परदेशातील कारकीर्द पोलंडमध्ये सुरू झाली व झाग्वेंब्ये लुबिन या क्लबने त्याला नाव मिळवून दिले. मात्र त्याची खरी ओळख घडली ती स्पार्टा प्राग या चेक क्लबमध्ये, जिथे 2013 ते 2020 अशी सात वर्षे तो खेळला आणि पहिल्याच हंगामात लीग व चषक ही दोन्ही विजेतेपदे त्याच्या संघाने जिंकली. परदेशी बचावपटूने एकाच क्लबमध्ये इतका काळ टिकणे मला विशेष वाटते. त्यानंतर तो केरळ ब्लास्टर्सकडे आला, पण 2020-21 चा आयएसएल (इंडियन सुपर लीग) हंगाम महामारीमुळे संपूर्णपणे गोव्यात झाल्याने केरळच्या प्रेक्षकांसमोर खेळण्याची संधी त्याला त्या हंगामात लाभलीच नाही.