स्पेनमधली 'कामिनो दे सान्तियागो', म्हणजे सान्तियागो शहरापर्यंतची पायी तीर्थयात्रा, गाइडशिवाय, आपली आपण चालता येते का? हाताशी आठवडाभराचीच सुट्टी आहे.

येते की! तिथे जाणारी सगळ्यात प्रसिद्ध वाट म्हणजे 'फ्रेंच मार्ग'. तो अख्खा जवळपास ७८० किमीचा, त्याला महिनाभर तरी हवा. तुम्ही याच वाटेवरच्या सारिया गावापासून सुरुवात करा. तिथून सान्तियागो साधारण ११५ किमी, पाच-सहा दिवसांत होतं. वाट चुकणं अवघडच: भिंतींवर, झाडांवर पिवळे बाण, आणि दगडी खांबांवर शिंपल्याची खूण, खाली उरलेले किलोमीटर.

यात्रेकरूचा पासपोर्ट, म्हणजे 'क्रेदेन्सियाल', निघण्याआधी घ्या. त्यावर रोज किमान दोन शिक्के हवेत, तरच शेवटी प्रमाणपत्र मिळतं. शिक्का चर्चमध्येच मिळतो असं नाही, वाटेवरच्या कॉफीच्या बारमध्येही मारून देतात.

सॅक पुढच्या मुक्कामी पोचवणारी सेवा आहे. गुडघे कुरकुरत असतील तर खुशाल वापरा, त्यात कमीपणा कसला? सरकारी धर्मशाळांत आगाऊ बुकिंग होत नाही, खासगी ठिकाणी होतं. मे किंवा सप्टेंबर बरा. रेनकोट मात्र तेव्हाही लागतोच.

शाकाहारी असाल तर विचारूनच मागवा. 'काल्दो गायेगो' हे बटाटा-पालेभाजीचं सूप दिसतं साधं, पण त्यात बहुतेकदा डुकराचं मांस किंवा चरबी असते.