मागच्या बाकावरच्या आमदाराला सभागृहात बोलायला वेळ कसा मिळतो?

आपल्या तालुक्यातून पहिल्यांदाच निवडून आलेले आमदार अधिवेशनाच्या थेट प्रक्षेपणात मागच्या बाकावर बसलेले दिसतात, पण बोलताना क्वचितच दिसतात. त्यांना वेळ कोण देते, आणि ब्रिटनच्या संसदेत मागच्या बाकांवरील सदस्यांसाठी आहे तशी स्वतंत्र समिती आपल्याकडे का नाही, असे आपण विचारले आहे. सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातील एका आमदारांच्या कार्यालयात मी सहा वर्षे लिखापढीचे काम केले. त्यांचे नाव आणि पक्ष सांगण्याची येथे गरज नाही. पुढे लिहिले आहे त्यातील बरेचसे मी त्या टेबलावर बसून पाहिले आहे.

आधी साधा हिशेब पाहू. विधानसभेत २८८ सदस्य आहेत. कोणत्या विषयाला किती तास द्यायचे हे कामकाज सल्लागार समिती ठरवते आणि त्या समितीत मंत्री, गटनेते आणि मुरलेली मंडळी असतात. एखाद्या चर्चेला सहा तास मिळाले, तर ती ३६० मिनिटे झाली आणि माणशी वाटा सव्वा मिनिटाचा पडला. वीस आमदारांच्या पक्षाला त्या हिशेबाने २५ मिनिटे येतात. त्यातील पंधरा मिनिटे गटनेता घेतो, आणि उरलेल्या दहा मिनिटांत दोघांना बसवले जाते. ते दोघे कोण, हे प्रतोद (सभागृहात पक्षाच्या सदस्यांना शिस्तीत ठेवणारे पदाधिकारी) ठरवतात आणि त्यांनी पाठवलेल्या यादीवरूनच बहुधा नाव पुकारले जाते. याचा अर्थ, मोठ्या चर्चेतील वेळ आमदाराच्या मालकीचा नसतो, तो पक्षाच्या मालकीचा असतो. सत्ताधारी बाजूच्या नव्या आमदाराची अवस्था तर आणखी अवघड असते, कारण सरकारला कामकाज उरकायचे असते आणि आपल्याच माणसाने आपल्याच मंत्र्याला अडचणीत आणू नये अशी अपेक्षा असते. याला अपवाद झाले आहेत. १९५७ साली लोकसभेत फिरोज गांधी यांनी सत्ताधारी बाकांवरूनच आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत पैसे गुंतवल्याचा विषय काढला आणि तो पुढे अर्थमंत्र्यांच्या राजीनाम्यापर्यंत गेला. पण तेवढे बळ प्रत्येकाकडे नसते.

म्हणून नव्या आमदाराने पक्षाच्या वाट्यावर विसंबून न राहता स्वतःच्या नावावर मिळू शकणारा वेळ शोधायचा असतो. त्यासाठी जी साधने आहेत त्यांना विधानभवनात ‘आयुधे’ म्हणतात, आणि आमच्या साहेबांना पहिल्या वर्षी एका ज्येष्ठ सदस्याने दिलेला सल्ला असा होता की, भाषणाची तयारी नंतर करा, आधी कोणते आयुध कोणत्या तारखेपर्यंत द्यावे लागते ते पाठ करा.

पहिले आयुध तारांकित प्रश्नाचे, म्हणजे ज्याचे उत्तर मंत्र्याने सभागृहात तोंडी द्यायचे असते त्या प्रश्नाचे. लोकसभेत एका दिवसासाठी २० तारांकित प्रश्न सोडतीने निवडले जातात, २३० अतारांकित प्रश्नांना केवळ लेखी उत्तर मिळते आणि सूचना निदान पंधरा दिवस आधी द्यावी लागते. विधानसभेतही प्रश्न अधिवेशनाच्या कितीतरी आधी पाठवावे लागतात. छापील यादीत नाव आले म्हणजे काम झाले, असा मतदारसंघात समज असतो. प्रत्यक्षात प्रश्नोत्तराच्या तासात यादीतील वरचे मोजकेच प्रश्न तोंडी चर्चेला येतात आणि बाकीच्यांची उत्तरे कागदावरच राहतात. मात्र येथे एक फट आहे. वर आलेला प्रश्न दुसऱ्या कोणाचा असला, तरी अध्यक्षांचे लक्ष वेधून उपप्रश्न विचारता येतो. आमचे साहेब सकाळी यादी हातात आली की पाण्याशी, बाजार समितीशी किंवा विजेशी संबंधित क्रमांकांना पेन्सिलीने गोल करत आणि त्या प्रश्नाच्या वेळी जागेवर हजर राहत. एकाच वाक्याचा उपप्रश्न असे, पण तो कार्यवाहीत नोंदला जाई.

खरी झुंबड असते ती लक्षवेधी सूचनेसाठी. आपल्याकडे विधानसभेत ती नियम १०५ अन्वये देतात. लोकसभेत ही पद्धत १९५४ साली आली. तातडीच्या सार्वजनिक महत्त्वाच्या बाबीकडे संबंधित मंत्र्याचे लक्ष वेधायचे, मंत्र्याने निवेदन करायचे आणि त्यावर सदस्याने प्रश्न विचारायचे, असा तिचा आराखडा आहे. येणाऱ्या सूचनांचा ढीग मोठा असतो, त्यातील थोड्याच स्वीकारल्या जातात, आणि कोणती स्वीकारायची हे अध्यक्षांच्या अधिकारात असते. विधानभवनाच्या भाषेत ‘लक्षवेधी लागली’ म्हणजे ती स्वीकारली जाऊन दिवसाच्या कामकाजात छापली गेली.

आमची पहिली लक्षवेधी का लागली नाही, हे सविस्तर सांगतो, कारण आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यात आहे. तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज या भागात द्राक्षाच्या हंगामात बाहेरचे व्यापारी बागेत येऊन माल उचलतात, थोडी रक्कम हातावर ठेवतात, उरलेल्याचा धनादेश देतात आणि हंगाम संपता संपता फोन बंद करून पसार होतात. शेतकरी पोलीस ठाण्यात जातो, तेथे त्याला हा दिवाणी व्यवहार आहे असे सांगितले जाते. बाजार समितीत जातो, तेथे सौदा बाजाराच्या आवाराबाहेर झाला असे ऐकून परत येतो. विषय जिव्हाळ्याचा होता. मी आकाशवाणी आमदार निवासाच्या खोलीत रात्री बसून दीड पानाचा मजकूर लिहिला, त्यात शेतकऱ्याच्या हालाचे बरेच वर्णन केले आणि सूचना कृषिमंत्र्यांच्या नावे दिली. चूक माझीच होती. द्राक्ष पिकवणे हा कृषीचा विषय असला, तरी त्याची विक्री हा पणन (शेतमाल विक्री) विभागाचा आणि फसवणुकीचा गुन्हा गृह विभागाचा. सूचना एका विभागातून दुसऱ्याकडे फिरत राहिली आणि तोवर अधिवेशन संपले.

पुढच्या वर्षी आम्ही तोच विषय घेऊन चार गोष्टी बदलल्या. मजकूर आठ ओळींचा केला. वर्णन काढून टाकले आणि किती गावांत किती तक्रारी, त्यांपैकी किती गुन्हे नोंदले गेले, एवढेच ठेवले. मागणी एकच ठेवली, की शिवारात थेट खरेदी करणाऱ्या व्यापाऱ्याला परवाना आणि अनामत रक्कम बंधनकारक करावी. त्यामुळे विषय निःसंशय पणनचा झाला. आणि चौथी, माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे साहेबांनी सह्या गोळा केल्या. नाशिककडच्या द्राक्षपट्ट्यातील दोघे, सोलापूर जिल्ह्यातील एक आणि आमच्याच जिल्ह्यातील पण समोरच्या बाकांवरील एक, अशा चौघांनी सूचनेवर सही केली. त्यातील एकाशी साहेबांचे कारखान्याच्या निवडणुकीपासून बोलणे बंद होते; सही लॉबीत, चहाच्या पेल्यावर कागद ठेवून झाली आणि बोलणे त्यानंतरही फारसे सुरू झाले नाही. परंतु ‘सांगलीचा प्रश्न’ होता तो त्या चार सह्यांनी राज्याचा प्रश्न झाला.

लक्षवेधी लागली. क्रमांक सातवा होता. त्या दिवशी सकाळपासून गोंधळात दोनदा कामकाज तहकूब झाले, चार लक्षवेधी झाल्या आणि उरलेल्या पुढे ढकलल्या गेल्या. दोन दिवसांनी ती संध्याकाळी उशिरा आली. खुर्चीवर तालिका अध्यक्ष, म्हणजे अध्यक्षांच्या गैरहजेरीत काम पाहणारे सदस्य होते, समोर मोजून पंधरा-वीस सदस्य असतील आणि पत्रकार कक्ष जवळजवळ रिकामा होता. मंत्र्यांचे छापील निवेदन आधीच वाटलेले असते, ते वाचले असे समजून सदस्य थेट प्रश्नाला हात घालतो. साहेबांना चारेक मिनिटे मिळाली. त्यांनी निवेदनातला एकच आकडा धरला: आलेल्या तक्रारी आणि नोंदलेले गुन्हे यांतील तफावत. मंत्र्यांनी अधिवेशन संपण्यापूर्वी बैठक घेण्याचे सभागृहात मान्य केले. गावाकडे परतल्यावर ‘साहेब टीव्हीवर दिसले नाहीत’ अशी तक्रार आलीच.

इतर आयुधांबद्दल थोडक्यात लिहितो. प्रश्नाला मिळालेले उत्तर अपुरे वाटल्यास अर्धा तास चर्चा मागता येते. तिच्यावर मतदान नसते आणि ती सहसा दिवसाच्या अखेरीस येते. औचित्याच्या मुद्द्याला मिनिट-दीड मिनिट मिळते, मंत्र्याने लगेच उत्तर द्यावे असे बंधन नसते, पण विषय नोंदला जातो. नियम २९३ अन्वये होणारी चर्चा मोठी असते आणि तेथे पुन्हा पक्षांचा वाटा सुरू होतो. नव्या आमदाराला त्यातल्या त्यात मोकळेपणा मिळतो तो पुरवणी मागण्यांवर. खात्याच्या खर्चाची मागणी समोर असल्याने त्या खात्याचा मतदारसंघातील कोणताही विषय तेथे काढता येतो, मग ते टेंभू उपसा सिंचन योजनेचे आवर्तन (पाणी सोडण्याची पाळी) असो की जतच्या पूर्व भागातील पाणी. रात्री उशिरापर्यंत थांबण्याची तयारी असली म्हणजे झाले. आपल्या आमदारांची भाषणे आपल्याला दिसली नसतील, तर ती याच वेळेत झाली असण्याची शक्यता आहे.

अशासकीय विधेयकाचा मार्ग सर्वांत लांबचा. लोकसभेत साधारणपणे शुक्रवारचे शेवटचे अडीच तास मंत्री नसलेल्या सदस्यांच्या विधेयकांना आणि ठरावांना दिले जातात आणि क्रम सोडतीने लागतो. स्वातंत्र्यानंतर अशी केवळ १४ विधेयके कायद्यात उतरली आणि त्यातील शेवटचे १९७० साली. तरीही या वाटेला मी निरुपयोगी म्हणणार नाही. राजापूरचे खासदार बॅरिस्टर नाथ पै यांनी गोलकनाथ खटल्याच्या निकालानंतर (संसदेला मूलभूत हक्क कमी करता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटले होते) १९६७ साली घटनादुरुस्तीच्या अधिकाराबाबत अशासकीय विधेयक मांडले. ते संयुक्त समितीकडे गेले, त्यावर देशभर वाद झाला, पण संमत झाले नाही. जानेवारी १९७१ मध्ये नाथ पै गेले आणि त्याच वर्षी सरकारने आणलेल्या चोविसाव्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्कांसह घटनेचा कोणताही भाग बदलण्याचा संसदेचा अधिकार लिहून ठेवला. ती दुरुस्ती योग्य होती की नाही हा वेगळा वाद आहे; विरोधी बाकावरच्या एका सदस्याने शुक्रवारच्या त्या वेळात राज्यघटनेवरील चर्चा घडवून आणली, एवढेच मला येथे दाखवायचे आहे.

खासदारांना याखेरीज आणखी काही वाटा आहेत. नियम ३७७ अन्वये लोकसभेत रोज वीसपर्यंत सदस्य आपला विषय नोंदवू शकतात. प्रश्नोत्तराच्या तासानंतर तातडीचे विषय काढण्याचा शून्य प्रहर लोकसभेच्या नियमपुस्तकात नाही, तो प्रघाताने रुजला. नियम १९३ च्या अल्पकालीन चर्चेसाठी सूचना देणाऱ्याला आणखी दोन सदस्यांच्या सह्या लागतात. सह्यांची गोष्ट तेथेही आलीच.

आता ब्रिटनविषयी. तेथेही सभागृहाच्या वेळावर सरकारचाच पहिला हक्क असतो. २००९ साली सभागृहाच्या सुधारणांसाठी नेमलेल्या राइट समितीने सुचवल्यावर २०१० मध्ये मागच्या बाकांवरील सदस्यांच्या कामकाजासाठी एक समिती स्थापन झाली. तिचे सदस्य मंत्री नसलेले खासदार असतात आणि एका अधिवेशनकाळात साधारण ३५ दिवसांचा वेळ तिच्या हाती येतो. मात्र तेथे अधिवेशनकाळ म्हणजे सुमारे वर्षभराचा काळ, हे लक्षात घ्यावे. ज्याला चर्चा हवी तो खासदार समितीपुढे उघडपणे जाऊन विषय मांडतो: हा विषय आत्ताच का, किती पक्षांचे किती सदस्य बोलणार आहेत, आणि दुसऱ्या कोणत्या मार्गाने तो का येऊ शकत नाही. हिल्सबरो फुटबॉल मैदानावरील चेंगराचेंगरीची सरकारी कागदपत्रे खुली करावीत, ही ऑक्टोबर २०११ मधील चर्चा याच वाटेने झाली. अर्थात या चर्चांअंती झालेला ठराव सरकारवर बंधनकारक नसतो आणि दिवस कोणता द्यायचा हेही सरकारच ठरवते.

आपल्याकडे अशी समिती नाही, आणि नजीकच्या काळात होईल असे मला वाटत नाही. बैठकांचे दिवसच कमी असताना त्यातले काही बाजूला काढून देण्यास कोणतेही सरकार सहज तयार होणार नाही. आपल्याकडे कोणता विषय घ्यायचा हा विवेक पीठासीन अधिकाऱ्याच्या, म्हणजे अध्यक्ष किंवा सभापतींच्या, एका खुर्चीवर सोपवलेला आहे. त्या खुर्चीचे महत्त्व आपल्या जिल्ह्याला नवे नाही. तासगाव तालुक्यातील विसापूरचे वि. स. पागे १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षे विधान परिषदेचे सभापती होते आणि रोजगार हमी योजनेचे जनक म्हणून ते ओळखले जातात. परंतु खुर्चीवरील व्यक्ती कितीही समतोल असली, तरी सूचना का नाकारली याची कारणे उघडपणे ऐकायला मिळत नाहीत. ब्रिटनच्या पद्धतीतून एकच गोष्ट घ्यायची झाली, तर मी ती उघड सुनावणी घेईन.

आपल्याला प्रत्यक्ष काही करायचे असेल, तर अधिवेशनाची तारीख ठरली की लगेच आमदारांच्या कार्यालयात जावे, अधिवेशन सुरू झाल्यावर नव्हे. तोवर तारांकित प्रश्नांची मुदत बहुधा संपलेली असते. सोबत निवेदनाऐवजी एक पान माहिती न्यावी: गाव, तारीख, शासनाचा पत्रक्रमांक, आकडे आणि एकच मागणी. यापूर्वी मंत्र्यांनी त्याच विषयावर सभागृहात काही कबूल केले असेल, तर ती तारीख आधी शोधावी, कारण सभागृहात दिलेल्या आश्वासनांचा पाठपुरावा करण्यासाठी आश्वासन समिती असते आणि जुने आश्वासन हाती असले की नव्या लक्षवेधीला आधार मिळतो. द्राक्षाच्या त्या विषयात आमची पुढची तीन वर्षे मंत्र्यांच्या त्या एका वाक्याचा उतारा प्रत्येक पत्राला जोडण्यात गेली. कार्यवाहीच्या त्या पानाची प्रत काढून काढून अखेर अक्षरे पुसट झाली होती, तेव्हा मी ती पुन्हा टंकून घेतली.