लॉगिन होते, पण नव्या टेबलवर ‘परमिशन डिनाइड’: पासवर्ड बदलून हे सुटणार नाही

आपण लिहिले आहे की ‘अहवाल_वाचक’ या ग्रुपला स्कीमातील (डेटाबेसमधल्या टेबलांच्या एका कप्प्यातील) सर्व टेबले वाचण्याचा अधिकार दिला, नवे युजर त्या ग्रुपमध्ये घातले आणि त्यांना जुनी टेबले दिसतातही. मात्र दर महिन्याच्या आयातीत तयार होणाऱ्या नव्या टेबलवर ‘परमिशन डिनाइड’ येते, आणि सर्व्हर सांभाळणारा विभाग पासवर्ड बदलून पाहा असे सांगतो. आमच्या संस्थेत हुबेहूब हेच घडले होते, म्हणून सविस्तर लिहितो. पुढचे सारे पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीपुरतेच समजावे.

जुनी टेबले दिसतात त्याअर्थी लॉगिनचा प्रश्न उरलेलाच नाही. पासवर्ड चुकीचा असता तर आत शिरताच आले नसते; ‘परमिशन डिनाइड’ हा आत आल्यानंतरचा नकार आहे.

‘ग्रँट सिलेक्ट ऑन ऑल टेबल्स इन स्कीमा’ ही आज्ञा त्या क्षणी अस्तित्वात असलेल्या टेबलांनाच लागू होते. पुढच्या टेबलांसाठी ‘ऑल्टर डिफॉल्ट प्रिव्हिलेजेस’ आहे, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण त्यात ‘फॉर रोल’ लिहिले नाही, तर आज्ञा देणाऱ्या रोलने (पोस्टग्रेसमध्ये युजर आणि ग्रुप दोहोंना रोलच म्हणतात) स्वतः तयार केलेल्या टेबलांपुरतीच ती चालते. आपण ती ‘पोस्टग्रेस’ याच नावाच्या सुपरयुजरने (सर्वाधिकारी युजरने) दिली असेल आणि आयात मात्र ‘आयात’ नावाच्या रोलने होत असेल, तर आज्ञा बिनबोभाट पार पडते, कोणतीही एरर येत नाही आणि पुढच्या महिन्याचे टेबल पुन्हा बंदच असते. ‘आयात’ हा कुठल्याशा ग्रुपचा सभासद असल्यानेही फरक पडत नाही. डिफॉल्ट अधिकार सभासदत्वातून वारशाने येत नाहीत. म्हणून आज्ञेत ‘फॉर रोल आयात’ स्पष्ट लिहावे, आणि तयार होऊन बसलेल्या टेबलांसाठी पहिली ग्रँट पुन्हा एकदा चालवावी.

खात्री करायला पीएसक्यूएल या पोस्टग्रेसला आज्ञा देण्याच्या साधनात ‘बॅकस्लॅश डीपी’ द्या. चालणाऱ्या टेबलासमोर ‘अहवाल_वाचक=आर/आयात’ अशा धाटणीची नोंद दिसेल: ‘आर’ म्हणजे वाचन, आणि तिरप्या रेघेनंतरचे नाव अधिकार देणाऱ्याचे. न चालणाऱ्या टेबलासमोर तो रकाना बहुधा रिकामा असेल, म्हणजे मालकाखेरीज कोणालाही अधिकार नाही. डिफॉल्ट अधिकार पाहायला ‘बॅकस्लॅश डीडीपी’ आहे.

आता त्या विभागाविषयी. आमचा सर्व्हर बाहेरच्या एका सेवा पुरवठादाराकडे होता. आम्ही एररचा मजकूर जसाच्या तसा पाठवायचो, ते पासवर्ड रीसेट करून तक्रार बंद करायचे. लॉग, म्हणजे सर्व्हरची घडामोडींची नोंद, उघडून पाहण्याची तसदी कोणी घेतली नाही आणि आम्हालाही तो पाहू दिला नाही. शेवटी त्यांनी ‘तात्पुरता उपाय’ म्हणून अहवाल काढणाऱ्या लॉगिनला सुपरयुजर करून टाकले. याचा मला आजही मनस्वी राग आहे. सुपरयुजरसाठी अधिकारांची तपासणीच होत नाही, त्यामुळे मूळ दोष जागेवर राहतो आणि फक्त दिसेनासा होतो. त्यातच त्या लॉगिनने काही टेबले तयार केली, ती त्याच्याच मालकीची झाली आणि बाकीच्यांना वाचता येईनात. ऑडिटमध्ये आक्षेप आल्यावर ते लॉगिन काढायला गेलो, तर त्याच्या मालकीच्या वस्तू असल्याने ‘ड्रॉप रोल’ नाकारले गेले. प्रत्येक डेटाबेसमध्ये स्वतंत्रपणे ‘रीअसाइन ओन्ड’ चालवून मालकी सोडवावी लागली, कारण ती आज्ञा चालू डेटाबेसपलीकडच्या टेबलांना हात लावत नाही. आपल्याला कोणी सुपरयुजर देऊ केले, तर कृपया लेखी नकार द्या.

त्या विभागाकडे मागायचेच असेल तर सर्व्हरच्या लॉगमधल्या त्या वेळच्या ओळी मागा. लॉगिन अडल्यावर युजरला मुद्दामच मोघम संदेश दिला जातो. रोल अस्तित्वात नाही, पासवर्ड ठेवलेलाच नाही की त्याची मुदत संपली, हे लॉगमध्येच कळते, आणि कोणाला कुठून व कसे आत घ्यायचे हे ठरवणाऱ्या पीजी_एचबीए फाइलची कितवी ओळ लागू झाली तेही. त्या फाइलमध्ये पहिली जुळणारी ओळच अंतिम असते. तिथे नकार मिळाला तर खालच्या ओळी पाहिल्या जात नाहीत.

माझे मत असे की टेबलांची मालकी कोणाच्याही व्यक्तिगत लॉगिनकडे नसावी. लॉगिनचा हक्क नसलेला एक मालक रोल ठेवावा आणि आयातीने ‘सेट रोल’ या रोल बदलणाऱ्या आज्ञेने त्याच्या नावाने टेबले तयार करावीत. तसे केल्यास ‘फॉर रोल’मध्ये नावही त्याच मालक रोलचे द्यावे लागेल. लहान संस्थेत काहींना हे अति वाटेल, पण माणूस नोकरी सोडून जातो तेव्हा याची किंमत कळते. ग्रुपला स्कीमावर ‘युसेज’ (त्यातील वस्तूंपर्यंत पोहोचण्याचा अधिकार) आहे ना, हेही पाहा. जुनी टेबले त्याच स्कीमात असतील तर ते असणारच. आवृत्ती १५ पासून पब्लिक या आपोआप तयार होणाऱ्या स्कीमात टेबल तयार करण्याचा सर्वांना असलेला अधिकार नव्या डेटाबेसमध्ये काढून घेतलेला आहे, त्यामुळे अपग्रेडच्या वेळी डेटाबेस नव्याने उभारला, तर आयातच अडू शकते. तो दोष निराळा समजावा.