त्या घरीच असतात

प्रिय मुली,

सप्रेम जय भीम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. आरोग्य केंद्रात रुजू होऊन सहा महिने होत आले, वस्ती मोठी, रजिस्टरं संपत नाहीत, घरी गेल्यावर बाळ ओळखच देत नाही असं वाटतं, हे सगळं लिहिलंस. शेवटी विचारलंस, लोकांची सेवा करायची तर घराचा त्याग करावाच लागतो का. पण मी अडकले ती त्याच्या आधीच्या एका ओळीवर. 'बाळाची तशी काळजी नाही, सासूबाई घरीच असतात.'

हे वाक्य मी वीस वर्षं बोलले आहे. माझ्या वाक्यात सासूबाईंच्या जागी धाकटी जाऊ होती, एवढाच फरक.

तू व्हॅक्सिन कॅरिअर, तो लसीचा थंड डबा, रोज भरतेस, म्हणून तुला सांगते. आइस पॅक कानाशी हलवून पाहायचा आणि आत पाणी हललेलं ऐकू आलं की मगच कॅरिअरमध्ये ठेवायचा, हे मी कितीतरी मुलींना शिकवलं. लसीला किती जपायचं हे मला पक्कं ठाऊक होतं. १९९५ साली पल्स पोलिओ सुरू झालं आणि रविवार आमचा राहिला नाही. रविवारी बूथ, आणि काही वर्षांनी त्यापुढचे चार-पाच दिवस घरोघरीही. डाव्या करंगळीला शाईची खूण, दारावर खडूची खूण. घरातल्या सगळ्या मुलांना डोस मिळाला असेल तर एक खूण. मूल राहिलं असेल किंवा घराला कुलूप असेल तर फुली.

अशाच एका फेरीत माझी चार वर्षांची लेक तापानं फणफणली. पुढं कावीळ निघाली. मी सकाळी सातला निघायची. जाऊ म्हणायची, "तुम्ही जा बाई, मी हाय ना घरी." मी जायची. मंगळवारी संध्याकाळी गल्लीत शिरले तर आमच्याच दारावर फुली. जाऊ पोरीला घेऊन दवाखान्यात रांगेत होती, म्हणून घराला कुलूप. मी ती फुली पदरानं पुसली आणि कॅरिअर जमा करायला परत गेले.

जाऊ तेव्हा डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होती. माझी लेक उठून बसेपर्यंत तीन आठवडे गेले. जाऊचे सराव पाठ त्याच दिवसांत होते, ते राहिले. हजेरी भरली नाही, परीक्षेचा फॉर्म मिळाला नाही. पुढच्या वर्षी तिला स्वतःचं बाळ झालं आणि ते डी.एड. राहिलं ते राहिलंच. तिला कोणी विचारलं नाही. मीही नाही. माझा नवरा शिफ्ट ड्यूटीवर होता, दुपारी दोननंतर घरीच असायचा. पोरीला तो दवाखान्यात नेऊ शकला असता. हे त्याला सुचलं नाही, मला सुचलं नाही, दिरांनाही नाही. घरातल्या तीन कमावत्या माणसांपैकी एकालाही सुचलं नाही.

२७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त झाल्याचं जाहीर झालं. वस्तीतल्या लोकांनी विहारात माझा सत्कार केला. बोलणारा प्रत्येक जण 'ताईंचा त्याग, ताईंचा त्याग' म्हणत होता. जाऊ मागं जेवणाच्या पंगतीचं पाहत होती. रात्री भांडी आवरताना मी तिला पहिल्यांदा म्हटलं, "तुझं डी.एड. माझ्यामुळं राहिलं ना गं?" ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मले गणित चांगलं शिकवता यायचं."

मुली, तिनं मला दोष दिला असता तर सोपं झालं असतं.

मला हे आधीच कळायला हवं होतं, कारण माझ्या आजीनं ते सांगून ठेवलं होतं. १९४२च्या जुलैत नागपुरात दलित महिलांची परिषद भरली, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या, बाबासाहेब बोलले. हजारो बाया आल्या होत्या. आजीही गेली होती. मरेपर्यंत तिनं तो दिवस सांगितला, पण सुरुवात नेहमी शेजारणीपासून करायची. अंगावर पिणारं पोर जिनं दिवसभर सांभाळलं, तिच्यापासून. "ते होती म्हणून मी गेली." आम्ही पोरं कंटाळायचो, आम्हाला बाबासाहेबांचं ऐकायचं असायचं.

आपल्या कामातलंच बघ. सीताबर्डीच्या मातृसेवा संघाचं नाव काढलं की कमलाताई होस्पेट आठवतात, आठवायलाच हव्यात. लहानपणीच वैधव्य आलेली बाई. ज्या काळात विधवेचं तोंड शुभकार्यात चालत नव्हतं, त्या काळात त्यांनी सुईणपणाचं शिक्षण घेतलं आणि जन्मलेल्या बाळाला पहिला हात त्यांचा लागला. १९६१ साली पद्मश्री मिळाली. पण १९२१ मध्ये संघ उभा राहिला तो वेणूताई नेने यांच्यासह, दोघींनी मिळून. वेणूताईंचं नाव तुला माहीत होतं का? खरं सांग.

तेव्हा त्याग करावा लागतो का, हे विचारू नकोस. तुझ्या कामासाठी कोण काय सोडतंय ते विचार, आणि ते माणूस समोर असताना विचार. सासूबाईंना विचार की बाळ नसतं तर दुपारी चार वाजता त्या कुठं असत्या. भजनी मंडळात, बहिणीकडं, नुसत्या आडव्या पडल्या असत्या, काहीही असेल. आठवड्यातले दोन दिवस ते त्यांना परत मिळालं पाहिजे. नवऱ्याला सांग, 'मदत कर' असं नाही, तर मंगळवार आणि शनिवार बाळ तुझं. कुरकुर होईल, होऊ दे. पगारातून बाई लावायची असेल तर लाव आणि तिला वेळेवर पैसे दे, तिचंही घर कोणीतरी सांभाळत असतं. आणि रात्री नऊनंतर येणारा प्रत्येक फोन बाळंतपणाचा नसतो. याद्यांचे, फोटोंचे फोन सकाळी घ्यायचे. कळा सुरू झालेल्या बाईचा मात्र कधीही सोडायचा नाही.

बाळ ओळख देत नाही म्हणतेस. कामावरून आलीस की आधी रजिस्टर उघडत असशील, मी तेच करायची. हातपाय धू आणि अर्धा तास नुसती खाली बस त्याच्याजवळ.

सत्कारानंतरच्या जूनपासून जाऊनं विहारात संध्याकाळी गल्लीतल्या पोरांना गणित शिकवायला घेतलं. पाच ते सात. त्या वेळात घरची कणीक मी मळायची, भाजी माझा नवरा चिरायचा, फार जाड चिरायचा. आता मी निवृत्त आहे, तिचे वर्ग चालूच आहेत. डी.एड. काही झालं नाही.

रविवारी ये म्हणालीस, जरूर ये. सासूबाईंनाही आण. जेवण मी करीन, त्यांना स्वयंपाकघरात येऊ द्यायचं नाही.

तुझी,
सिस्टर