कोपरातील नस जागेवरून हलवली, तर तिचे रक्त तुटते का?

प्रश्न : माझे वडील ५८ वर्षांचे असून कोरडवाहू शेती करतात. लहानपणी बैलगाडीवरून पडून त्यांचे उजवे कोपर मोडले होते. तेव्हा गावातच बांधून घेतले आणि हात बाहेरच्या बाजूला वाकडा राहिला. दोन वर्षांपासून करंगळी व अनामिका बधिर आहेत, आता पऱ्हाटीचा कापूसही चिमटीत नीट धरवत नाही. डॉक्टर कोपरामागची नस पुढे आणून ठेवायची म्हणतात. नस हलवली की तिचे रक्त तुटते आणि हात वाळतो, असे नातेवाईक सांगतात. हे खरे आहे का? वेचणी आटोपेपर्यंत थांबता येईल का?
– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : नातेवाइकांची भीती निराधार नाही, पण अर्धी आहे. आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि संवेदना वाहणाऱ्या चेतेलाही. येथे प्रश्न चेतेचा, म्हणजे अल्नर नर्व्हचा आहे, आणि तिलाही जगण्यासाठी रक्त लागते. कोपराजवळ ते मुख्यतः तीन धमन्यांकडून येते. दंडाच्या मुख्य धमनीची एक शाखा बरीच वरून चेतेच्या सोबतीने खाली उतरते, दुसरी आखूड शाखा कोपराच्या थोडी वर फुटते आणि तिसरी अग्रबाहूतील धमनीतून उलट वर चढते. शिवाय चेतेच्या आवरणात व आतही बारीक वाहिन्यांचे लांबच्या लांब जाळे असते, त्यामुळे एखादी शाखा बांधावी लागली तरी बाकीच्या तिचा भार उचलू शकतात. मात्र चेता लांबवर सोलून उघडी केली किंवा ओढली, तर हे जाळेच दुखावते. म्हणून जाणकार सर्जन वरून येणारी सोबतीची धमनी आणि भोवतीच्या मऊ ऊती शक्यतो चेतेसह पुढे नेतात. आखूड शाखा तेवढी लांबत नाही, ती पुष्कळदा सोडावी लागते. हे कसे करणार, असे शस्त्रक्रियेपूर्वी अवश्य विचारा, त्यात संकोच नको.

न हलवल्यानेही रक्त कमी पडतेच, हे नातेवाइकांना सांगा. कोपर दुमडले की चेतेचा बोगदा अरुंद होतो, चेता ताणली जाते आणि आतल्या सूक्ष्म वाहिन्या चेपतात. सरळ हाडाच्या रुग्णात बोगदा नुसता मोकळा करणे बहुधा पुरते. दोन्ही पद्धतींची तुलना केलेल्या अभ्यासांत गुण साधारण सारखाच आढळला आहे आणि चेता हलवल्यास जखमेत जंतुसंसर्ग अधिक दिसला आहे. परंतु तुमच्या वडिलांचे कोपरच वाकडे असल्याने, कप्पीवरून ताणलेल्या दोरासारखी ती चेता वर्षानुवर्षे ओढली गेली आहे. अशा हातात तिला पुढे आणण्याचा सल्ला मला योग्य वाटतो.

वेचणीसाठी मात्र थांबू नका. दुखावलेले तंतू पुन्हा वाढतात ते दिवसाला सुमारे १ मिलिमीटर, आणि कोपरापासून तळहातातील स्नायूंपर्यंतचे अंतर वीतभराहून अधिक आहे. अंगठा व तर्जनीमधला मांसल भाग खोल गेलेला दिसत असेल, तर याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा. तोवर रात्री कोपराला टॉवेल सैल गुंडाळा, म्हणजे झोपेत ते दुमडणार नाही, आणि कोपरामागे चोळून मालिश करू देऊ नका.