साताऱ्याची माची पेठ: यातली माची कुठली?

प्रश्न असा होता : माची गडावर असते, मग साताऱ्यात ती पेठेच्या नावात कशी आली? आणि या माचीचा मचाणाशी काही संबंध आहे का?

आधी मचाणाचं उरकतो. संबंध आहे, दोन्ही शब्द संस्कृत 'मञ्च'च्या कुळातले. माचा म्हणजे बाज, खाट. माची म्हणजे लहान माचा. जमिनीपासून उचललेली सपाट जागा हा मूळ अर्थ. गडाच्या भाषेत बालेकिल्ल्याच्या खाली डोंगराला जो सपाट टप्पा असतो, ती माची. राजगडाच्या पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तिघींमुळे माची म्हणजे तटबंदी घातलेली सोंड असं अनेकांना वाटतं. पण तट ही नंतरची गोष्ट, आधी डोंगराचा टप्पा. राजमाचीला तर श्रीवर्धन आणि मनरंजन या दोन बालेकिल्ल्यांच्या खाली माचीवर आजही गाव नांदतंय.

आता सातारा. अजिंक्यतारा शहराच्या दक्षिणेला, त्यामुळे सगळं जुनं गाव गडाकडून उत्तरेला उतरत जातं. राजपथाला 'वरचा रस्ता' आणि त्याच्या उत्तरेच्या रस्त्याला 'खालचा रस्ता' म्हणतात ते यामुळेच. 1708 मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यात झाला आणि पुढे गडाच्या पायथ्याशी पेठा वसत गेल्या. बहुतेकींना वारांची नाहीतर माणसांची नावं : मंगळवार, शनिवार, मल्हार, यादोगोपाळ. माची पेठेचं नाव मात्र जमिनीवरून पडलेलं. गडाच्या अंगाला, चढावर ही वस्ती आहे. माझ्या मते इथे 'माची' हा किल्ल्याचा बांधीव भाग नव्हे, नुसता डोंगराचा टप्पा. म्हणजे शब्द आपल्या जुन्या अर्थाने आलाय. गडाची माची तुटून खाली आली वगैरे कथा रचायची गरज नाही.

फरक दिसतो तो प्रत्ययात. गडाच्या बाबतीत आपण 'माचीवर' म्हणतो, कारण ती जागा डोळ्यांपुढे असते. पेठेच्या बाबतीत 'माची पेठेत'. तिथे माची हे निव्वळ नाव झालं, चढ दम काढत असला तरी.

जाता जाता : शाहूनगर हे एके काळी अख्ख्या साताऱ्याचं नाव होतं. आता ते गोडोलीच्या बाजूला, त्याच डोंगराच्या उतारावरच्या उपनगराकडे गेलंय. जुन्या कागदांत 'शाहूनगर' दिसलं की त्या कॉलन्या शोधत बसू नये.