वडील वारले, देवगडचं घर बंद आणि आम्ही मुंबईत. त्यांच्या आधार-पॅनचा कोणी गैरवापर करू नये म्हणून काय करावं?

आधी मृत्यूचा दाखला. नोंद २१ दिवसांत, मृत्यू जिथे झाला तिथल्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत करा आणि दाखल्याच्या सात-आठ प्रती काढून ठेवा. प्रत्येक टेबलावर एक मागतात.

मग बँक आणि पोस्ट. खातं तसंच चालू ठेवून एटीएमने पैसे काढू नका, घरचेच असलात तरी. मायआधार पोर्टलवर कुटुंबातल्या व्यक्तीच्या मृत्यूची माहिती देता येते, म्हणजे आधार निष्क्रिय होतं. पॅन मात्र शेवटचं विवरणपत्र भरून, परतावा मिळाल्यावरच परत करा. सिमकार्डाचंही तेच: ओटीपी त्यावरच येतात, म्हणून बँकेची कामं उरकेपर्यंत रिचार्ज मारत राहा. बंद पडलेला नंबर पुढे दुसऱ्याला मिळतो.

आपल्याकडे खरी भीती जमिनीची. मालक गेलेला, वारस मुंबईला, आणि कलमांच्या बागेवर कोणाचा तरी डोळा. अशा वेळी तोतया उभा करून खरेदीखत होऊ शकतं. सातबाऱ्यावर वारसनोंद तीन महिन्यांत करायची असते. ‘गणपतीला गावी जाऊ तेव्हा बघू’ म्हणत लोक वर्षानुवर्षं काढतात. अर्ज सरकारच्या ई-हक्क संकेतस्थळावरून ऑनलाइनही करता येतो.

आणि हो, श्रद्धांजलीच्या बॅनरवर पूर्ण जन्मतारीख कशाला? वर्ष पुरे. बंद घराच्या कपाटातली पासबुकं, चेकबुकं येताना घेऊन या.

पैशांची ऑनलाइन फसवणूक घडलीच, तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.